घोडबंदर रोडची मेट्रो, पालिकेचे अनुदान आणि आपली दुकाने

सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुख ते विजय गार्डन या टप्प्यात मेट्रोची चाचणी गाडी धावली. त्या दिवसांत घोडबंदर रोडवरचे दुकानदार हातातले काम सोडून बाहेर येत आणि मान वर करून पाहत उभे राहत. आम्हीही त्यांत होतो. आमच्या शेजारी शिवणकामाचे एक मास्टर आहेत. कापड आमच्याकडून घ्यायचे आणि शिवायला त्यांच्याकडे टाकायचे, ही गिऱ्हाइकांची जुनी रीत आहे. ते म्हणाले, "भाई, गाडी तर आली. पण वरून उतरलेले गिऱ्हाईक माझ्या मशीनपर्यंत येणार कुठून?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. स्टेशनचा जिना जिथे उतरतो तिथून मास्टरांचा गाळा पायी पाच-सात मिनिटांवर आहे. पण त्या वाटेवर पदपथ कुठे आहे, कुठे नाही. गटारावरची फरशी पाय ठेवला की हलते. मध्येच विजेची पेटी, मध्येच दुचाकींची रांग, पावसाळ्यात पाणी. एका हाताशी मूल आणि दुसऱ्या हातात कापडाची पिशवी घेतलेली बाई या वाटेने दोनदा येईल. तिसऱ्या खेपेस ती मॉलमध्ये जाईल, आणि तिला दोष देता येणार नाही.

वडाळा ते कासारवडवली या मेट्रो ४ ची लांबी ३२.३२ किलोमीटर आणि मंजुरीच्या वेळचा खर्च १४,५४९ कोटी रुपये. कासारवडवलीपासून गायमुखपर्यंतचा आणखी २.७ किलोमीटरचा तुकडा मेट्रो ४-अ म्हणून धरला आहे. एवढ्या प्रचंड रकमेपुढे त्या पाच-सात मिनिटांच्या वाटेला लागणारा पैसा म्हणजे थानाला लागणाऱ्या किनारीइतकाच. पण थान विकले जाते ते किनार पाहून, हे कापडवाल्याला सांगायला नको. या वाटेचा पैसा बहुतेक वेळा नगरपालिकेला किंवा महापालिकेला जमवावा लागतो. तिच्या तिजोरीत तो नसतो, म्हणून केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांकडे अनुदान मागावे लागते. हे मागण्याच्या कामात आपण व्यापारी आणि कारागीर पालिकेला मदत करू शकतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते. आपण पालिकेत जातो ते परवाना, कर नाहीतर तक्रार घेऊन. अनुदानाचा अर्ज भक्कम व्हावा म्हणून आपली माहिती घेऊन कोणी जात नाही. हा लेख त्याविषयी आहे.

महामार्गाचा झाला बाजार

घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले, असे सांगतात. खाडीच्या या बंदरावर अरबी घोडे उतरत. म्हणजे या रस्त्याचा आणि तिजारतीचा संबंध आजचा नाही. पण आम्ही तरुण असताना कापूरबावडीच्या पुढे तुरळक कारखाने, पाडे आणि शेते होती. गुजरातकडे जाणारे ट्रक सोडले तर रस्त्याला फारसे कोणी नसे. मग मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशा गावांच्या नावांनी मोठमोठी संकुले उभी राहिली. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १८.४१ लाख होती. त्यानंतरची बरीचशी वाढ याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना झालेली डोळ्यांना दिसते. रस्ता मात्र महामार्गाचाच राहिला. न्हावा-शेवा आणि भिवंडीच्या गोदामांतून निघालेला अवजड ट्रक आणि शाळेची बस एकाच रांगेत उभी राहते.

मेट्रोच्या खांबांनी मधली जागा घेतल्यावर कोंडी वाढली. ती कमी करावी म्हणून दोन्ही बाजूंचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचे काम एमएमआरडीएने हाती घेतले. संकुलांतल्या रहिवाशांनी त्याला विरोध केला. घराच्या फाटकातून पाऊल बाहेर टाकले की थेट महामार्ग, अशी त्यांची हरकत होती. कोण बरोबर, याचा निवाडा आम्ही इथे करत नाही. मात्र दुकानदाराने एक फरक ओळखावा. गाड्या वेगाने जाव्यात म्हणून रस्ता रुंद करणे हे एक काम. स्टेशनातून उतरलेल्या माणसाला सुखाने चालता यावे हे दुसरे काम. दोन्हींचे पैसे वेगळ्या खात्यांतून येतात, दोन्हींचे नकाशे वेगळे लोक काढतात, आणि दुसऱ्या कामाचा नकाशा वेळेवर तयार नसेल तर पहिले काम त्याची जागा घेऊन टाकते.

कापडवाल्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ठाणे-भिवंडी-कल्याण ही मेट्रो ५ कापूरबावडीलाच मेट्रो ४ ला मिळते. तिची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणला झाली. शिवाय ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. ती २९ किलोमीटरची, २२ स्थानकांची, आणि तिचा खर्च १२,२०० कोटी रुपये धरलेला. भिवंडीचा माल ठाण्यात टेम्पोने येतो तो येतच राहील. पण नमुने पाहायला येणारा, चार तागे पसंत करणारा, ब्लाउजपीस जुळवून नेणारा माणूस उद्या मेट्रोने येऊ शकतो. तो कापूरबावडीला उतरून कुठल्या बाजूला वळेल, हे खालच्या पदपथावर ठरणार आहे.

पैसा कुठल्या खिशातून येतो

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. सरकारी मराठीतले 'लेखाशीर्ष', 'उपयोगिता प्रमाणपत्र', 'सविस्तर प्रकल्प अहवाल' हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा ते आम्हाला फारसीहून अवघड वाटले. पण व्यापाऱ्याच्या भाषेत आणले तर ते फार सोपे आहेत.

डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली मुंबई महानगराच्या गटात मोडत. त्या गटासाठी केंद्राने ३५ टक्के, राज्याने १५ टक्के आणि उरलेले ५० टक्के पालिकेने उभे करायचे, असा हिशेब होता. म्हणजे अनुदान ही खैरात नव्हती. तुम्ही आठ आणे टाका, आम्ही आठ आणे टाकतो, असा भागीदारीचा सौदा होता. ज्या पालिकेकडे आपले आठ आणे नसत तिची फाईल पडून राही.

पुढे स्मार्ट सिटी अभियान आले. सप्टेंबर २०१६ च्या यादीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही निवडली गेली. एका शहराला केंद्राचे ५०० कोटी, आणि तेवढेच राज्य व पालिका मिळून घालणार. ही निवड स्पर्धेने झाली होती. प्रस्तावात लोकांचा सहभाग किती, यालाही गुण होते. ठाणे पूर्वेचा सॅटिस, कल्याण स्टेशन परिसराची सुधारणा, ठाणे आणि मुलुंडच्या दरम्यान नवे रेल्वे स्थानक ही कामे त्यात आली. ते अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. जी कामे राहिली ती आता आपापल्या पालिकेच्या अंगावर आहेत.

नव्या स्थानकाचे उदाहरण थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. ठाणे स्टेशनवरचा भार कमी व्हावा आणि घोडबंदरकडच्या लोकांना जवळ पडावे म्हणून ते योजले. जागा ठरली मनोरुग्णालयाच्या आवाराची. योजना मंजूर, निधीची तरतूद मंजूर, पण जमीन न्यायालयाच्या स्थगितीत अडकलेली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली तोवर सुमारे १२० कोटींचा अंदाज अडीचशे कोटींच्या पलीकडे गेला होता. मग वाढीव खर्च कोणी सोसायचा याची चर्चा, आणि अखेर रेल्वेने आपल्या हद्दीतल्या कामाचा भार उचलला. लग्नाचा जोडा शिवायला टाकला आणि कापडच दुकानातून सुटले नाही, तर तारीख टळते आणि दरही वाढतो. अनुदानाचे असेच आहे. मंजुरीच्या दिवशी जमिनीचे कागद तयार नसतील तर मंजुरीचा फारसा उपयोग होत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाची अनुदाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी होती. मोठ्या शहरांना हवा सुधारण्यासाठी निधी मिळाला. ठाणे परिवहनच्या १२३ विजेवरच्या बसगाड्यांची योजना त्यावर उभी राहिली आणि २०२३ च्या सुरुवातीला पहिल्या गाड्या रस्त्यावर आल्या. पण या आयोगाच्या दोन अटी दुकानदारांनी ऐकून ठेवाव्यात. पालिकांचे तपासलेले हिशेब लोकांना पाहता येतील असे खुले असले पाहिजेत. आणि मालमत्ता कराचे किमान दर राज्याने ठरवून कराची वसुली राज्याच्या उत्पन्नाबरोबर वाढत गेली पाहिजे. म्हणजे आपल्या गाळ्याचा थकलेला मालमत्ता कर हा फक्त आपला आणि पालिकेचा मामला राहिला नाही. तो पालिकेच्या अनुदानाच्या आड येऊ शकतो. रस्ता खराब म्हणून कर अडवून ठेवणारे भाऊबंद आमच्या ओळखीचे आहेत. त्यांचा राग समजतो, पण या रागाने रस्ता आणखी लांबणीवर पडतो.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने एक लाख कोटींचा शहरी आव्हान निधी जाहीर केला. त्यात प्रकल्पाच्या खर्चाचा जास्तीत जास्त चौथा हिस्सा केंद्राचा, आणि किमान निम्मी रक्कम रोखे, बँकेचे कर्ज किंवा खाजगी भागीदारीतून. बँक काय पाहणार? तुमची वही. आपल्याला सूत देणारा व्यापारी उधारी देण्यापूर्वी जे पाहतो तेच. माल कुठे जातो, पैसा कधी परत येतो, मागची बाकी किती. यापुढे जी पालिका आपली वही नीट दाखवील आणि हे काम झाल्यावर या भागात उलाढाल वाढेल हे आकड्यांनी पटवील, तिला पैसा मिळेल. आणि त्या भागाच्या उलाढालीचे आकडे पालिकेकडे नसतात. ते आपल्याकडे असतात.

"कशावरून?"

हे आम्हाला कसे कळले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पंधरा-वीस दुकानदार एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. अर्जात लिहिले होते की आमच्या भागात लोकांना चालायला जागा नाही, तरी पदपथ करून द्यावा. सह्या भरपूर, भाषा कळकळीची. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारले, "किती लोक चालतात?" आम्ही म्हणालो, खूप. "कशावरून?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. "जागा कोणाची? सार्वजनिक बांधकामची, आमची, का सोसायटीची?" पुन्हा तेच. "समोरचे दुकानदार पायऱ्या काढायला तयार आहेत?" यावर आमच्यातल्याच दोघांनी मान खाली घातली, कारण त्यांच्या पायऱ्या दीड हात बाहेर होत्या. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "तुमचा अर्ज मी जिथे पाठवीन तिथे हेच तीन प्रश्न विचारतील. उत्तरे घेऊन या." अर्ज दप्तरी गेला. आम्ही चहा पिऊन परत आलो आणि वर्षभर साहेबांना नावे ठेवली.

नंतर कळले की प्रश्न बरोबर होते. प्रकल्प अहवाल म्हणजे या प्रश्नांची उत्तरेच असतात. आणि ती जमवण्यात दुकानदाराला जेवढी सोय आहे तेवढी कोणा सल्लागार कंपनीला नाही. तिची पोरे दोन दिवस येतात, मंगळवारी दुपारी मोजतात आणि जातात. मंगळवारी दुपारी कापडाच्या बाजारात कोण असते? ईदच्या आधीचा आठवडा, दिवाळीच्या आधीचा रविवार, लग्नसराईतल्या संध्याकाळी, यांचा अंदाज त्यांना येणार नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी ठरवून मोजणी केली. पद्धत साधी. प्रत्येक दुकानात गल्ल्याजवळ एक वही. गिऱ्हाईक आले की कशाने आले, याची एक रेघ. पायी, रिक्षा, बस, दुचाकी, मोटार. सकाळच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या रेघा वेगळ्या. एक आठवडा साधा आणि एक आठवडा हंगामाचा. आमच्या सगळ्यांची समजूत होती की चांगला माल घेणारे मोटारीने येतात आणि दारात गाडी लावायला जागा नसली तर धंदा बुडेल. वही भरल्यावर मोटारीच्या रेघा आम्हाला वाटत होते त्याहून फारच कमी निघाल्या. पायी आणि रिक्षाने येणाऱ्या बायकांनी पानामागून पान भरले होते. एका मित्राने वही मिटून ठेवली आणि म्हणाला, मी इतकी वर्षे ज्याच्या गाडीसाठी भांडत होतो तो माझाच स्कूटर होता.

दुसरे काम कारागिरांची नोंद. स्टेशनच्या पाचशे ते आठशे मीटरच्या आत, म्हणजे दहा-बारा मिनिटे चालण्याच्या अंतरात, दाट वस्ती आणि मिश्र वापर असावा असे केंद्राचे २०१७ चे धोरण सांगते. त्याच वर्षीच्या मेट्रो धोरणात स्थानकाच्या दोन्ही अंगांना पाच किलोमीटरपर्यंतच्या जोडवाहतुकीचा विचार प्रस्तावातच करावा असे आहे. पण या वर्तुळात आज कोण काम करते, हे कागदावर नसते. पिको-फॉल करणाऱ्या बाया घरातून काम करतात. जरीकाम करणारे वरच्या माळ्यावर. घडीचे टेबल लावून चेन बदलून देणारा जिन्याखाली. रफूवाला तर शोधावाच लागतो. नकाशात ही जागा कोरी दिसते. कोऱ्या जागेवर उद्या कोणी फुलांच्या कुंड्या काढल्या तर त्याला दोष कसा देणार?

रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. पाहणी करून प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही, आणि दर पाच वर्षांनी पाहणी झाली पाहिजे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडलेले असतात. त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक व अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. आपले बरेच लोक या रोजगारात आहेत, पण समितीच्या निवडणुकीत नाव नोंदवणारे किती? पक्क्या दुकानदारांनाही आमचे सांगणे आहे. समोरचा हातगाडीवाला उठला की आपले गिऱ्हाईक वाढेल, हा हिशेब दर वेळी खरा ठरत नाही. दोन रुपयांची बटणे घ्यायला आलेली बाईच चार मीटर अस्तर घेऊन जाते.

तिसरा प्रश्न सगळ्यांत कडू. पायऱ्या, छपरे आणि दुकानाबाहेर लावलेले पुतळे. संमती द्यायची म्हणजे दीड हात मागे सरायचे. आमच्यातले चौघे तयार झाले, दोघे नाही. त्या दोघांना आम्ही समजावले, अजून समजावतो आहोत. एकाचे म्हणणे असे की मी पायरी काढली आणि उद्या त्या जागेत दुचाकीच लागल्या, तर माझे काय राहिले? म्हणणे खोटे नाही. याचे उत्तर प्रकल्पाच्या आराखड्यातच हवे. पदपथाच्या कडेला खुंट्या, माल उतरवायची ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ.

दोन बाजार, दोन अनुभव

माल उतरवण्याच्या बाबतीत दिल्लीचा चांदणी चौक पाहण्यासारखा आहे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला केला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी. चालणाऱ्यांची सोय झाली. पण तिथे कापडाचा घाऊक बाजार आहे. गाठी रात्रीच आत आणायच्या तर हमालीचा आणि थांबण्याचा खर्च वाढतो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार राहिली. पुढे बंदी मोडून गाड्या शिरू लागल्याच्याही तक्रारी झाल्या. घाऊक बाजाराची गरज सुरुवातीलाच कागदावर नीट उतरली असती तर हे थोडे टळले असते, असे आमचे मत.

चेन्नईच्या त्यागराय नगरातला पाँडी बाजार साड्या आणि तयार कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे स्मार्ट सिटीच्या पैशातून रुंद पदपथ करून नोव्हेंबर २०१९ मध्ये तो खुला केला. तिथल्या व्यापाऱ्यांनाही आधी शंका होत्या. मग रस्ता काही काळ तात्पुरता बंद करून, माणसे चालवून, सगळ्यांना डोळ्यांनी पाहू दिले आणि त्यानंतर पक्के बांधकाम केले. फेरीवाल्यांसाठी आधीच वेगळे संकुल बांधले होते. कापडाचा तागा कापण्यापूर्वी अंगाला लावून पाहतो तसाच हा प्रकार. घोडबंदर रोडवर मानपाडा किंवा विजय गार्डनच्या खाली एक-दोन रविवारी असे करून पाहायला फार पैसा लागत नाही. पट्ट्या, कुंड्या आणि वाहतूक पोलिसांची परवानगी पुरे. पण त्यातून निघालेले आकडे अर्जाला जोडले की अर्जाचे वजन वाढते.

परदेशातही कामाची पद्धत फार वेगळी नाही. अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने स्थानक परिसराच्या नियोजनासाठी खास अनुदान सुरू झाले. तिथे अर्ज करताना वाहतूक प्रकल्प बांधणारी संस्था आणि जमिनीचा कारभार पाहणारी स्थानिक संस्था यांची भागीदारी दाखवावी लागते. एकटीने अर्ज चालत नाही. आमच्या घोडबंदर रोडला नेमकी हीच अडचण आहे. महामार्ग एका खात्याचा, मेट्रो दुसऱ्या संस्थेची, गटारे आणि दिवे पालिकेचे. सगळ्यांच्या बैठकीत दुकानदार बसत नाही, पण सगळ्यांच्या कामाचा धुरळा त्याच्याच काउंटरवर बसतो. म्हणून कोणती फरशी कोणाच्या हद्दीत येते याचा साधा नकाशा आपण केला, तर तो तिन्ही ठिकाणी कामाला येतो. आम्ही तो करायला घेतला आहे. शेजारच्या संकुलातले एक निवृत्त सर्व्हेअर काका मदतीला आले आहेत. ते आणि आम्ही रविवारी सकाळी फीत घेऊन फिरतो, तेव्हा लोकांना वाटते जागेचा सौदा चालला आहे.

भाड्याची भीती

आता मास्टरांचा दुसरा प्रश्न. "पदपथ झाला, रोषणाई झाली, गिऱ्हाईक आले. मग मालक माझे भाडे वाढवणार नाही कशावरून?" खरे सांगायचे तर याचे पक्के उत्तर आमच्याकडे नाही. स्टेशनजवळ जादा चटईक्षेत्र देऊन उंच बांधकाम करण्याकडे धोरणाचा कल आहे. त्यात जुन्या चाळी आणि टपऱ्यांची जागा नव्या इमारती घेतील. ज्याचा गाळा मालकीचा त्याला फायदा, ज्याचा पागडीचा त्याला घासाघीस, आणि जो अकरा महिन्यांच्या करारावर बसला आहे त्याच्या हाती फारसे काही नाही. कारागीर बहुतेक या तिसऱ्या वर्गातले.

पण अनुदानाचा प्रस्ताव तयार होत असतानाच, पालिकेच्या ताब्यातल्या जागेत छोटे गाळे कारागिरांसाठी ठरलेल्या भाड्याने ठेवावेत, अशी मागणी लेखी करता येते. जिन्याखालची, पुलाखालची, बसथांब्यामागची जागा असतेच. मागणी प्रस्तावात गेली तर मंजुरीत येण्याची आशा. इमारत उभी राहिल्यावर मोर्चा काढून ती मिळत नाही. यासाठी कारागिरांजवळ कागद हवेत. उद्यमची नोंदणी, दुकानाची नोंदणी, भाड्याची पावती, विजेचे बिल. मास्टरांकडे तेवीस वर्षांचे काम आहे आणि कागद एकच, शिधापत्रिका. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीने बसून त्यांची नोंदणी केली. धंद्याचा प्रकार कोणता, असे विचारल्यावर मास्टर म्हणाले, "लिही, लेडीज." तिने शिवणकाम लिहिले.

आमच्या वह्यांच्या बेरजा करून, नकाशाची नक्कल आणि चौघांची संमतिपत्रे जोडून आम्ही एक गठ्ठा तयार केला. तो दिला तेव्हा समोरच्या साहेबांनी पहिलेच पान उलटून विचारले, "हंगामाचा आठवडा वेगळा का मोजला?" आम्ही कारण सांगितले. त्यांनी ते पेन्सिलीने कडेला लिहून घेतले आणि आवक क्रमांक दिला. पायऱ्यांचा प्रश्न सुटलेल्या दुकानांची यादी पुढच्या खेपेस आणा, असे ते म्हणाले. दोन नावे अजून बाकी आहेत. येत्या रविवारी मोजणी झाल्यावर त्या दोघांकडे पुन्हा जायचे आहे. सोबत मास्टरांना नेणार आहोत, कारण त्या दोघांचेही कपडे तेच शिवतात.